बॉडी का फिरत नाही

दांडिया बाजारात चाळीस वर्षं मी मोटारी भरतो.
जळलेलं तांबं उपटायचं, स्लॉट खरवडायचे,
बावीस गेजची तार, वार्निश, भट्टी,
मग चाचणी.
मुलगी युनिव्हर्सिटीत. पाच वर्षं एकाच मोटारीवर आहे
आणि ती मोटार तिनं डोळ्यांनी पाहिलेली नाही.

"केवढी?" मी विचारलं.
म्हणाली, बाबा, दहा लाख ओळीनं लावल्या
तर एक सेंटिमीटर.
मी हातातला मायक्रोमीटर डबीत ठेवून दिला.

मग बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर तिनं काढून दाखवलं.
एक पापुद्रा. पापुद्र्याच्या एका अंगाला
हायड्रोजनच्या कणांची दाटी, दुसऱ्या अंगाला विरळ.
म्हटलं, हे आजव्यासारखं,
तलाव उंचावर, गाव खाली,
पंपाशिवाय पाणी येतं ते उतारानं.
"तस्संच. फक्त हा तलाव श्वासानं भरतो."
कण येतो, चाकाच्या वाटीत बसतो,
जवळजवळ अख्खी फेरी मारून पलीकडे उतरतो.
वाट्या आठ.
चाकाच्या बोडक्यावर शाफ्ट, शाफ्टभोवती डोकं,
डोक्यात तीन खोल्या.

मी पहिलाच प्रश्न विचारला तो आमच्या धंद्यातला:
शाफ्ट फिरतो, मग बॉडी का फिरत नाही?
पायाला बोल्ट कुठाय?

केतकी पेन तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली.
मग बाजूनं एक दांडी काढली, पापुद्र्यापासून डोक्यापर्यंत,
भिंतीला टेकलेल्या शिडीसारखी.
"ही धरून ठेवते. माझा सगळा थिसिस
ह्या दांडीवर आहे, बाबा.
लोक फिरणाऱ्याकडेच बघतात."

चहा निवला. जिग्नेश शटर ओढायला आला, त्याला थांबवलं.

पुढं म्हणाली, शाफ्ट वाकडा असतो.
वाकडा? वाकडा शाफ्ट मी पार्टीला परत पाठवतो.
थरथर सुटते, महिन्यात बेअरिंग खलास.
"इथं वाकडेपणाच काम करतो.
फिरता फिरता एकेका खोलीला कोपर लावतो.
एक खोली उघडी, एक माल धरून बसलेली,
एकीनं मूठ आवळलीय, तिच्यात माल जुळतो.
तिसरा हिस्सा फिरला की मूठ सुटते.
फेरीला तीन नग."
आणि सेकंदाला फेऱ्या? शंभराच्या वर.
दिवसभरात माणूस आपल्या वजनाएवढा माल
बनवतो, मोडतो, त्याच तुकड्यांचा परत बनवतो.
भंगारवाला इथं उपाशी मरेल.

उलटी चालते का?
चालते. श्वास तुटला, तलाव रिता झाला, की उलटी,
घरातलाच माल जाळत.
मग एक चिमुकलं पाचर येऊन अडकतं आणि थांबवतं.
हे मला फार आवडलं. ज्यानं कुणी बसवलंय
त्यानं एकदा तरी मोटार जाळली असणार.
केतकी म्हणाली, कुणी बसवलेलं नाही.
मी वाद घातला नाही.

"ही ज्या कारखान्यात बसते ना, तो सगळा आईकडून येतो.
तुमच्याकडून एकही नाही."
आतून शैला म्हणाली, "मला माहीतच होतं."
मी गप्प.
केतकीनं बिलबुक माझ्याकडे सरकवलं.
"पण शाफ्टचं ड्रॉइंग दोघांचं असतं, बाबा.
दांडीचंही."

रात्री ती झोपली.
बेअरिंग ऐकायची आमची रीत जुनी आहे:
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बॉडीवर, मूठ कानाला.
कुणी बघत नाही असं पाहून
टोक मनगटाला लावलं.
काहीच नाही. थोडी नाडी, ती तर वेगळीच मशिनरी.

चांगल्या मोटारीचं तसंच असतं.

सावलीचा सबमर्सिबल भट्टीत आहे,
पार्टी सकाळी साताला येईल.
बिलबुकातलं ते पान मी फाडलं नाही,
पुढच्या नंबरावर बिल केलं.